मागील दुखापती : निरंक

क्लबचा फॉर्म दादांनी भरला. मी समोरच बसलो होतो, ऑकलंडमध्ये माउंट रॉस्किलच्या त्यांच्या भाड्याच्या घरात, जेवणाच्या टेबलाशी. पुढ्यात वहिनींनी केलेले पोहे. आदल्या दिवशीच मी विमानातून उतरलो होतो आणि अजून कान गच्च होते. नाव, जन्मतारीख, उजव्या हाताने बोलिंग की डाव्या, असं सगळं दादा मला विचारत होते आणि सुंदर अक्षरात लिहीत होते. मग एक मोठी चौकट आली. त्यांनी ती वाचली आणि माझ्यासाठी मराठीत सांगितली.

"मागील दुखापती. कधी काही मोडलंय का, फाटलंय का, ऑपरेशन झालंय का."

मी चमचा खाली ठेवला. दादांना माहीत होतं. यायच्या आधी बार्शीहून फोनवर मीच त्यांना सांगितलं होतं की सतराव्या वर्षी माझ्या कमरेच्या मणक्याला चीर गेली होती, आठ महिने पाठीला पट्टा होता, आणि सोलापूरचे डॉक्टर म्हणाले होते, भरून आलीय, पण त्याच जागी पुन्हा गेली तर मग बोलिंग विसरायची.

"दादा, ते कमरेचं लिहायचं ना?"

"असल्या ठिकाणी सगळं लिहायचं नसतं रे."

"पण विचारलंय की."

"विचारतात म्हणून लगेच सांगायचं? तू काय कोर्टात उभा आहेस? इथे सगळे असंच लिहितात." आणि त्यांनी त्या चौकटीत तीन अक्षरांचा इंग्रजी शब्द लिहिला. त्याचा अर्थ मला ठाऊक होता. माझ्या वडिलांची पिठाची गिरणी होती, तिथे तपासणीचे कागद यायचे, आणि वडील प्रत्येक रकान्यात हाच शब्द मराठीत लिहायचे. निरंक. रकाना रिकामा सोडला की साहेबाला शंका येते आणि खरं लिहिलं की साहेब येतो, असं ते म्हणायचे.

मी सही केली. पोहे संपवले. अजून घेतले. हे मी आज रागाने लिहितोय, पण ते पोहे चांगले होते हेही लिहिलं पाहिजे.

मी नववी पास आहे. दहावीला बसलोच नाही, कारण परीक्षेच्या महिन्यातच वेगवान बोलरांची निवड चाचणी होती आणि आमचे सर म्हणाले, "बोर्डाची परीक्षा दरवर्षी येते." सरांचा शब्द आमच्या घरात शेवटचा. गुरुपौर्णिमेला वडील त्यांच्या पुढ्यात नारळ ठेवून वाकायचे, भुवयांवर पीठ तसंच. सरांसमोर दुखतंय म्हणायचं नाही हा नियम होता, कोणी सांगितलेला नव्हता तरी सगळ्यांना पाठ होता. मी एकदाच म्हणालो. सर हसले. "फास्ट बोलरची कंबर दुखणारच. न दुखणारी कंबर कारकुनाची." बाकीची पोरं हसली, मीही हसलो, आणि परत रनअपच्या खुणेकडे चालत गेलो.

त्या चाचणीत राज्यभरातून आलेल्या पोरांत माझं नाव पहिलं पुकारलं गेलं. पेपरात फोटो आला. वडिलांनी कात्रण प्लॅस्टिकमध्ये घालून गिरणीत टांगलं. प्रशिक्षण केंद्रात गेल्यावर तिथल्या मोठ्या लोकांनी माझी ॲक्शन बदलली, हात असा नको तसा, पाय असा नको तसा, आणि रोज सकाळ-संध्याकाळ नव्या ॲक्शनने बोलिंग करवून घेतली. पाच महिन्यांत मणका गेला. मग दोन ओळींचं पत्र आलं की पुढच्या वर्षी तुमचा विचार होऊ शकत नाही. ज्यांनी ॲक्शन बदलली त्यातल्या एकानेही मला परत फोन केला नाही. वडिलांनी कात्रण मात्र काढलं नाही. त्यावर पीठ साचत गेलं.

दादा पुण्याचे. ऑकलंडला कॉम्प्युटरच्या कामासाठी आलेले, बरीच वर्षं झालेली. क्लबच्या दुसऱ्या संघातून खेळायचे आणि पहिल्या संघाच्या सामन्यांना स्कोअर लिहायचे. गोऱ्या पोरांच्या कलकलाटात एका कडेला वही घेऊन बसलेला, कुणाच्या अध्यात ना मध्यात असा माणूस. आमच्या सरांशी त्यांची कुठूनशी ओळख निघाली आणि त्यांनी क्लबला शब्द दिला, मी एक खरा फास्ट बोलर आणतो. क्लबच्या एका जुन्या मेंबरचा पेनरोजला रंगाच्या डब्यांचा डेपो होता, त्याने मला नोकरी दिली, कागदपत्रं करून दिली. राहायला दादांचं घर. जेवायला वहिनींच्या हातचं. वहिनी फार्मसीत कामाला होत्या, दिवसभर उभ्या राहून यायच्या आणि तरी माझ्यासाठी वेगळ्या भाकऱ्या टाकायच्या, कारण मी एकदा बोलून गेलो होतो की पोळीने पोट भरत नाही.

आता सांगा, अशा माणसांवर रागवायचं कुठून?

पहिल्याच सामन्यात मी पाच विकेट घेतल्या. संध्याकाळी क्लबमध्ये सगळे दादांच्या पाठीवर थापा मारत होते. दादा मोठ्याने हसत होते. असे मोठ्याने हसताना मी त्यांना घरी कधी पाहिलं नव्हतं. गाडीत ते मला म्हणाले, "आज कॅप्टनने मला स्वतःहून टेबलावर बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा." मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. डेरीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, फोनचं कार्ड घेतलं, आकडे खरवडले आणि वडिलांना सांगितलं, इकडे माझ्यामुळे एका माणसाला खुर्ची मिळाली.

डेपोत काम म्हणजे यादी घ्यायची, रंगाचे डबे उचलायचे, लाकडी फळ्यांवर रचायचे. फोर्कलिफ्ट चालवणारा एक माओरी माणूस होता, तिशीचा, दरवाजाएवढा रुंद. रोज सकाळी "किया ओरा, ब्रो" म्हणून भुवया उडवायचा. त्याच्या उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला लांब वण होता, बॅगेच्या चेनसारखा. चहाच्या सुट्टीत, तिला तिकडे स्मोको म्हणतात, कोणी कागदाचा बोळा कचरापेटीत टाकायला गेला की हटकून त्यालाच टाकायला लावायचे. तो मुद्दाम चुकवायचा. मग सगळे ओरडायचे, "आणि ह्याला म्हणे पहिल्याच फेरीत उचलला होता!"

मला काही कळेना. मग त्यानेच सांगितलं. तो बेसबॉलचा पिचर होता, म्हणजे आपल्याकडचा बोलर, फक्त बॉल टप्पा न टाकता फेकायचा. अठराव्या वर्षी अमेरिकेतल्या एका कॉलेजने त्याला नेला. तिथे दरवर्षी मोठे संघ पोरं निवडतात, एकेक नाव पुकारून, आणि ज्याचं नाव लवकर येतं तो सोन्याचा. त्याचं फार लवकर आलं. गावात मिरवणूक निघाली. दोन वर्षांत कोपर फाटलं, ऑपरेशन, परत फाटलं, आणि एका सकाळी त्याला सामान बांधायला सांगितलं.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. घरी आलो. आता हे चालवतो. स्वीट ॲज, एकदम मजेत." आणि तो हसला.

मला त्या हसण्याचा असा संताप आला की हातातला डबा खाली आपटला. माझं इंग्रजी तेव्हा असंतसंच होतं, त्यात राग आला की तेवढंही पळून जायचं. मी म्हणालो, "तू हसतो का?"

त्याने आपटलेला डबा उचलून फळीवर ठेवला. मग म्हणाला, "तू डबा कसा उचलतोस ते मी महिनाभर बघतोय. गुडघ्यातून वाकतोस, उजवी बाजू वाचवतोस. माझी आजी असं बटाट्याचं पोतं उचलते. किती बोलिंग करतोस?"

"सांगतील तेवढी."

"मोजतं कोण?"

कोणी नाही. आजवर कोणीच मोजली नव्हती. सरांकडे अंधार पडेपर्यंत, केंद्रात शिट्टी वाजेपर्यंत, इथे कॅप्टनचं समाधान होईपर्यंत. त्याने खिशातून एक स्टीलचं छोटं यंत्र काढलं. बटण दाबलं की आकडा पुढे सरकतो. डेपोत फळ्या मोजायला वापरायचो तसलंच. म्हणाला, अमेरिकेत त्याचा प्रत्येक फेकलेला बॉल मोजायला एक माणूस बसवलेला होता, हेच काम त्याचं. शंभर झाले की थांबायचं असा नियम.

"मग कोपर कसं गेलं?"

"तो नव्वदनंतर बटण दाबायचाच थांबायचा. कोच त्याच्याकडे बघायचा आणि तो थांबायचा. वहीत आकडा नेहमी छान." या वेळी तो हसला नाही. यंत्र माझ्या तळहातावर ठेवलं. "एका दिवसाला नव्वद. तूच मोज. दुसऱ्या कोणाच्या हातात देऊ नकोस."

त्या गुरुवारी सरावाला मी खिशात बटण दाबत गेलो. एकशे ऐंशीच्या पुढे आकडा गेला आणि मी यंत्र मोज्यात कोंबलं. भीती वाटली. इतके दिवस जे दुखत होतं त्याला आता आकडा आला होता.

फेब्रुवारीत दुखणं वाढलं. उजव्या कमरेत तीच जुनी जागा, बोटाने दाखवता येईल अशी. सकाळी बूट घालताना मी भिंतीला टेकायचो. वहिनींच्या ते लक्षात आलं. "दुखत असेल तर सांग हं," त्या म्हणाल्या, "उगाच अंगावर काढू नकोस." मी म्हणालो, "नाही हो वहिनी, आखडलंय नुसतं." त्यांच्या सहा वर्षांच्या मुलीने तिथल्या तिथे मला उघडं पाडलं. तिला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र इंग्रजीत. म्हणाली, तो खोटं बोलतोय, बूट घालताना त्याचं तोंड बघ, लिंबू खाल्ल्यासारखं होतं. तिने तोंड करूनही दाखवलं. आम्ही सगळे हसलो.

त्या संध्याकाळी मागच्या दारात जॅन्डल्स, म्हणजे तिकडच्या रबरी चपला, काढत होतो तेव्हा स्वयंपाकघरातलं बोलणं ऐकू आलं.

"अहो, त्याला एकदा डॉक्टरकडे न्या. मला लक्षण बरं दिसत नाहीये."

"सीझन संपू दे गं. तीनच सामने राहिलेत."

"पण तो बोलत नाही म्हणून आपण..."

"तो काय लहान आहे? दुखत असेल तर बोलेल."

मी बाहेरच उभा राहिलो. आत जाऊन म्हणायला हवं होतं, दादा, दुखतंय. दोनच शब्द. पण ते घर त्यांचं, ताट त्यांचं, विमानतळाच्या दारात न्यायला आलेले ते. सरांसमोर गिळलेले शब्द इथेही तसेच गिळले. पायरीवर जॅन्डल्स नीट जोडीने लावल्या आणि आत जाऊन विचारलं, "काय मदत करू?"

आठवड्याभराने क्लबमध्ये एक फिजिओ बाई आली. हसरी, घाईतली. तिने माझा फॉर्म बघितला आणि विचारलं, इथे आधी कधी काही झालं होतं का? दादा बाजूलाच उभे होते. त्यांनी प्रश्न मराठीत सांगितला, वर पुस्ती जोडली, "काय सांगायचं ते बघून सांग." मी दादांकडे बघितलं. ते वहीत बघत होते. मी म्हणालो, "नो."

उपांत्य सामना मार्चमध्ये आला. तिकडे क्लबचे मोठे सामने दोन शनिवार चालतात आणि एका बोलरने किती ओव्हर टाकाव्यात याला बंधन नसतं. दुसऱ्या शनिवारी आमची बोलिंग. वारा सुटलेला, मैदानाच्या कडेची झाडं एका बाजूला झुकलेली. यंत्र उजव्या खिशात. प्रत्येक बॉलनंतर खुणेकडे परत चालताना मी अंगठ्याने बटण दाबायचो. दुपारच्या चहापर्यंत आकडा बहात्तर. चहानंतर तीन ओव्हर टाकल्या. नव्वद.

त्यांच्या दोन विकेट उरल्या होत्या आणि धावा तीस-बत्तीस हव्या होत्या. मी लांब जाऊन सीमारेषेपाशी उभा राहिलो. दोन ओव्हर गेल्या, विकेट पडेना. कॅप्टनने बॉल माझ्याकडे फेकला. मी तो झेलला आणि मान हलवली, नाही. आयुष्यात पहिल्यांदा. कॅप्टनला वाटलं मी चेष्टा करतोय. तो अंपायरशी बोलायला वळला.

सीमारेषेच्या पलीकडे दादा खुर्चीवर बसले होते, मांडीवर स्कोअरची वही. प्रत्येक बॉलला तिच्यात एक टिंब पडतं. नव्वद टिंबं त्यांनी स्वतःच्या हाताने काढली होती. माझी मान त्यांनी बघितली. ते उभे राहिले, वही खुर्चीवर ठेवली आणि सगळ्यांसमोर मला हात जोडले.

वयाने मोठा माणूस आपल्यापुढे हात जोडतो तेव्हा काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नाही. आमच्याकडे अशी वेळच येऊ द्यायची नसते. हात जोडायचे ते आपण, त्यांनी नाही. बाजूला बसलेल्या गोऱ्या माणसांना वाटलं असेल, हा माणूस नमस्कार करतोय, किती छान. मला वाटलं जमीन फाटावी. त्यांचे हात खाली यावेत एवढ्यासाठी मी धावलो. खरंच, फक्त एवढ्यासाठी. कॅप्टनसाठी नाही, सामन्यासाठी नाही.

पहिला बॉल टाकला, परत चालताना अंगठा बटणावर गेला आणि मी तो बाजूला घेतला. दाबलंच नाही. दुसराही नाही.

तिसऱ्या बॉलला पुढचा पाय टेकला आणि कमरेत आवाज झाला. बाहेर कोणाला ऐकू गेला नसेल. मला गेला. मी सतराव्या वर्षी ऐकलेला होता. बॉल कुठे गेला माहीत नाही. मी गवतात तोंड घालून पालथा पडलो होतो आणि मनात एकच, आता गेली.

हॉस्पिटलात दादा शेजारच्या खुर्चीत. क्लिपबोर्डवर फॉर्म आला. तशीच मोठी चौकट. नर्सने समजावून सांगितलं, आधीचं सगळं लिहा, इथे अपघाताच्या उपचाराला कोणाची चूक होती ते विचारत नाहीत, खरं लिहिलं तर उपचार नीट करता येतात. मी हे ऐकत होतो आणि माझ्या अंगाची लाही होत होती. म्हणजे लिहिलं असतं तरी कोणी हाकललं नसतं. म्हणजे त्या हसऱ्या फिजिओ बाईने मला नुसतं तपासायला पाठवलं असतं.

दादांनी सवयीने खिशातलं पेन काढलं.

"द्या," मी म्हणालो.

"अरे, तू पडून राहा, मी भरतो."

"द्या म्हणतो ना!"

मी त्यांच्यावर ओरडलो. पडद्यापलीकडचं बोलणं थांबलं. पेन घेतलं आणि पालथा पडल्या पडल्या, नववी पास इंग्रजीत लिहिलं: कंबर मोडली, वय सतरा, हीच जागा. सरांना माहीत. मला माहीत. शेवटी लिहिलं, दादाला माहीत. स्पेलिंगं सगळी चुकली असणार. नर्सने वाचलं आणि ती दादांकडे न बघता निघून गेली. दादा खुर्चीवर बसून राहिले, मोकळे हात मांडीवर ठेवून.

चीर त्याच जागी होती. डॉक्टरांनी सोलापूरच्या डॉक्टरांचंच वाक्य इंग्रजीत सांगितलं.

मी परत बार्शीला गेलो नाही. डेपोच्या मालकाने मला ठेवून घेतलं, बसून करायचं काम दिलं, यादीशी डबे ताडून बघायचं. फोर्कलिफ्टवाल्याला यंत्र परत करायला गेलो तर त्याने आकडा बघितला. नव्वदच होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि त्याला कळलं. "हं," एवढंच म्हणाला. मग यंत्र खिशात घालत, "रागावलास तर चालेल हं. मी हसतो, ते लोकांना सोपं जातं म्हणून." तोवर मला वाटत होतं की त्याला राग येतच नाही.

मी वेगळी खोली घेतली तरी वहिनी सणाला बोलवायच्याच. पुढच्या वर्षी पाडव्याला गेलो. दादा टेबलाशी बसले होते, त्याच खुर्चीवर, पुढ्यात कागद.

"ये, ये. दोन मिनिटं हां. पोरीचा नेटबॉलचा फॉर्म आज द्यायचाय." मग स्वयंपाकघराकडे मान वळवून, "अगं, घोटा डावा ना? दोनदा की तीनदा मुरगळला?"

"तीनदा. आणि शेंगदाण्याच्या ॲलर्जीचं लिहा, ठळक."

"लिहिलं. दम्याचा पंप?"

"तो तर आधी लिहा!"

मुलगी सोफ्यावरून इंग्रजीत ओरडली, "बाबा, ट्रॅम्पोलीन!"

"हो हो, ट्रॅम्पोलीन. हनुवटीला दोन टाके." दादांनी लिहिलं. चौकट भरली. ते कागदाच्या कडेने लिहू लागले, तीही भरली, तेव्हा कागद उलटा करून मागच्या बाजूला आकडा घालून लिहिलं. तेच अक्षर. सुंदर, गोल, एकही खाडाखोड नाही.

मी समोर बसलो होतो. म्हणजे त्यांना ती चौकट भरता येत होती.

दादांनी पेनला टोपण लावलं आणि वर बघितलं. माझी नजर कागदावर आहे हे त्यांनी पाहिलं असावं, कारण त्यांनी तो पालथा ठेवला आणि श्रीखंडाची वाटी माझ्याकडे सरकवली. "घे ना. तुझ्या वहिनीने मुद्दाम तुझ्यासाठी चक्का टांगला होता काल."

वहिनी पुऱ्या घेऊन आल्या. कोशिंबिरीत मुलीमुळे दाण्याचं कूट नव्हतं. मी वाटी घेतली, दुसऱ्यांदाही घेतली. श्रीखंड फार चांगलं झालं होतं, हेही लिहिलं पाहिजे.